एकही ओरखडा खोटा नाही

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांना नाही, नीलला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मला बोलता येत नाही असं नाही — मी बोलतेच. सभेत बोलते, लिहून बोलते, मीटर न टाकणाऱ्या रिक्षावाल्याशी चौकात उभी राहून भांडते. या एका गोष्टीपाशी आले की मात्र तोंडात काही येत नाही. लाजही येत नाही. आली असती तर बरं झालं असतं का? माहीत नाही. आत नुसतं सपाट आहे.

आधी मी कुठून आले ते सांगते. त्याने मी काही सुटत नाही, पण त्याशिवाय तुला पुढचं कळणार नाही. माझे बाबा सोलापूरहून बेंगळुरूला सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि वर्षभरात कामगार संघटनेत गेले. जे. पी. नगरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटांआधी पत्रकं यायची. घड्या मी घालायचे. अक्षरं जोडून वाचायला मी पत्रकांवरच शिकले, त्यामुळे माझ्या पहिल्या वाचलेल्या शब्दांत ‘बडतर्फ’ होता. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं, आणि मी त्या नावाला शोभेन अशी वाढले. त्यांचा एकच नियम होता: पत्रकात एक वाक्य खोटं निघालं, तर उरलेली सगळी खरी वाक्यं मालकाच्या कामाला येतात. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

आणि तरीही.

कोरमंगल्यातल्या काही पोरांचा एक बँड आहे. त्यांच्या पहिल्या अल्बमला कव्हर हवं होतं — जुनं वाटेल आणि आजचंही वाटेल असं. कव्हर करणार होता नील, माझा पुण्याचा मित्र. जुन्या कव्हरांचा शोध घ्यायचा आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल लिहायचं, हे काम माझं. दोन महिने मी रद्दीच्या आणि जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत जमिनीवर बसून कव्हरं उलटत होते. मला ते आवडायचं. जुन्या कव्हरांवर रंग दोन-तीनच, कारण प्रत्येक रंगाची छपाई वेगळी. एखादा रंग जरासा सरकलेला — गायिकेच्या ओठांचा लाल ओठांच्या बाहेर गालावर गेलेला. अक्षरं जाड, सावली दिलेली, पाटी रंगवणाऱ्याच्या हातची. आताच्या कव्हरांवर नेमकं उलटं: मोकळी जागा, मधे एकच वस्तू, कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं. ही दोन्ही एकत्र आणायची कशी? बहुतेक लोक सोपं करतात. चित्र नवं काढतात आणि त्यावर संगणकातून ओरखडे, धूळ, पिवळेपणा टाकतात. रेकॉर्ड आत राहून राहून जुन्या कव्हरवर जी गोल खूण उमटते ना, तीसुद्धा विकत मिळते, तयार.

मला त्याचा संताप आला. कुणीतरी वर्षानुवर्षं हाताळून झिजवलेली वस्तू — तिची झीज उचलायची आणि कालच्या वस्तूवर फासायची? ही चोरी आहे असं मी म्हणाले. अजून म्हणेन. मी बँडसाठी एक छोटं पत्रकच लिहिलं आणि त्यांनी ते सगळीकडे टाकलं. त्यात एक वाक्य होतं: या कव्हरवरचा एकही ओरखडा खोटा नसेल. लोकांना ते फार आवडलं. वाक्य आधी आलं, कव्हर अजून मिळालंच नव्हतं — हे लक्षात ठेव.

कव्हर मिळालं चामराजपेटेत. एका दुकानदाराने सांगितलं, लाकडाचे ठसे कोरून कव्हर छापणारे एक रंगारी अण्णा होते, वारले, पण त्यांची बायको आहे अजून. गंगाबाई — पेटेत सगळे गंगक्का म्हणतात. तिथल्या जुन्या मराठी कुटुंबातली, कापडावर ठसे मारणाऱ्या लोकांपैकी. दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. म्हणजे, राहायची.

पहिल्याच दिवशी तिच्या शेगडीच्या वर भिंतीवर एक कागद दिसला. मोठ्या अक्षरांत: गॅस बंद केला का? मुलाने लावलेला. मनोहर, तिचा एकुलता एक, बँकेत आहे, राहतो आमच्याच जे. पी. नगरात. एकदा दूध उतू जाऊन करपलं, तेव्हापासून तो मागे लागला होता की आई विसरते, आता एकटी नको, फ्लॅटवर चल. ती तयार नव्हती.

“मला विचारतो, गॅस बंद केलास का,” ती म्हणाली. “ह्याला मी दहा वर्षं विचारत होते, चड्डी घातलीस का. बस की गं. क्रांती, होय? चहा घे स्वल्प, मग कर काय करायची ती क्रांती.”

ती मला तेव्हाच आवडली. तिला काय हवं होतं ते तिने लपवलं नाही. ह्या घरात मरायचं, तिने सांगितलं, आणि तोवर माझं डोकं शाबूत आहे हे मनोहरला पटवायचं. बस. म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला जुनं सगळं तपशिलाने सांगायची, जणू रोज परीक्षा. आणि तिला आठवायचं. सगळं.

ते कव्हर तिने कपाटातून काढलं ते जुन्या लुगड्याच्या खोळीतून. आधी हात धुतले, पुसले, पंख्याखाली धरून वाळवले, मग बोटं न लावता दोन तळव्यांत धरून बाहेर घेतलं. पेटेतल्या बायकांनी गायलेल्या लग्नाच्या गाण्यांची रेकॉर्ड होती ती. कव्हर सबंध लाल. त्यावर दोन हात, मोगरा ओवणारे, आणि दोरा — एकच पांढरी रेघ, पुढून निघून मागच्या बाजूला गेलेली, कुठेही न तुटलेली. बाकी काही नाही. अण्णांनी कोरलेले ते हात तिचेच होते. डाव्या हाताची करंगळी त्यांनी जरा आखूड केली होती, त्यावरून ते दोघं कसे भांडले तेही तिने सांगितलं.

मी बघत राहिले. जुनं आणि आजचं एकत्र कसं आणायचं, म्हणून मी दोन महिने डोकं फोडत होते ना? त्या माणसाने ते चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. मी फोनवर फोटो काढले.

वर्षातून एकदाच ते खोळीतून निघायचं. खंडेनवमीला, बेंगळुरूत आयुधपूजा म्हणतात ती. अण्णांच्या पटाश्या आणि ठसे पाटावर मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि हे मागे भिंतीला टेकवून ठेवायचं. त्याला हळदकुंकूही नाही. डाग पडेल म्हणून. बाकीच्या प्रती लोकांनी नेल्या, विकल्या, हरवल्या. ही एक राहिली.

मी ते मागितलं. अण्णांचं नाव कव्हरवर छापू म्हणाले — मूळ कव्हरवर ते कुठेच नव्हतं. ती खोळीची नाडी बोटाला गुंडाळत बसली. मनोहर त्या दिवशी आला होता. तो म्हणाला, “आई, देऊ नकोस. कुणाला दिलंस तेच विसरशील.” झालं — तिने लगेच ते माझ्या हातात दिलं. “लिहून ठेव रे तूच, आज क्रांतीला दिलं. दसऱ्याआधी माझ्याकडे परत येतंय. बघू कोण विसरतं.” आणि मला म्हणाली, “बोटं लावू नको. तळवे.”

आता पुढचं. मी उगाच लांबण लावतेय का? लावतेय.

नीलने ते पाहिलं आणि म्हणाला, “भारी आहे. पण क्रांती, हे काल प्रिंट करून आणल्यासारखं दिसतंय. फारच क्लीन आहे. लोक म्हणणार फेक आहे.” मग म्हणाला, “थोडं टेक्स्चर टाकू? दहा मिनिटांचं काम आहे.”

दहा मिनिटं. संगणकात. मूळ वस्तूला कुणी हातही लावणार नव्हतं. मी त्याला काय म्हणावं? मी त्याला भाषण दिलं. खोट्या झिजेविरुद्ध आपण जाहीर भूमिका घेतलीय, आपणच ती मोडायची का, वगैरे. त्याने हात जोडले. “ओके ताई. मग दुसरं शोध.”

दुसरं कुठून आणणार होते?

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर मी ते केलं. घाईत नाही, रागात नाही. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून पॉलिशपेपर घेतला, बारीक दाण्याचा. रेकॉर्ड कव्हरच्या आत सरकवली, म्हणजे तिची कड वर उठून दिसेल, आणि त्या कडेवरून गोल घासत गेले. लाल उडाला, खालचा पांढरा कागद निघाला, छान गोल खूण आली. मग कोपरे. मग मधे, हातांवर थोडं. करंगळीपाशी कागदाचे पापुद्रे सुटले. दोऱ्याची ती रेघ आणि माझे ओरखडे, दोन्ही पांढरेच — थोड्या वेळाने मलाच वेगळे ओळखू येईनात. मी थांबले, फुंकर मारली. गच्चीच्या लादीवर लाल भुकटी पडली होती. शेजारच्या गच्चीवरच्या बाईने विचारलं, काय गं, कुंकू सांडलं? मी म्हणाले, हो.

मी काय विचार करत होते? खरं सांगू — मी असा विचार करत होते की हे ओरखडे खरे आहेत. खऱ्या कव्हरवर, खऱ्या हाताने, खऱ्या कागदावर पडलेले. संगणकाने काढलेले नाहीत. म्हणजे वाक्य खोटं पडत नाही. वाक्य वाचवायला मी ती वस्तू घासली. यात मला त्या सकाळी काहीही विचित्र वाटलं नाही.

नीलला सांगितलं, दुसरी प्रत मिळाली. तो खूश. कोपऱ्यात बारीक अक्षरांत बँडचं नाव, खाली अण्णांचं नाव, झालं कव्हर. पुस्तिकेत मी लिहिलं — नेमकं वाक्य देते, मला पाठ आहे — ‘चाळीस वर्षं एका बाईच्या हातांनी हे कव्हर पुन्हा पुन्हा उघडलं, जवळ घेतलं, झिजवलं, ही झीज म्हणजे कुठल्याही कंपनीला विकत घेता न येणारं श्रमाचं अक्षर आहे.’ लोकांनी त्या वाक्याचे फोटो काढून पाठवले. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “पत्रकात चाललं असतं हे.” यापेक्षा मोठी शाबासकी आमच्या घरात नाही.

कव्हर मी ऑगस्टात परत दिलं. खोळीत घालून, नाडी बांधून. ती दसऱ्यापर्यंत उघडणार नाही हे मला माहीत होतं. तिने खोळ तळव्यांवर घेतली आणि कपाटात ठेवली. “बघितलंस, विसरले नाही,” म्हणाली. पुस्तिका मी तिला दिली. तिला बारीक अक्षर दिसत नाही, मनोहर वाचून दाखवेल म्हणाली.

आणि मग — मग काय? मला वाटलं होतं काहीच होणार नाही? नाही, तसंही नाही. मी विचारच केला नव्हता.

खंडेनवमीच्या सकाळी मनोहरचा फोन आला. आईला भेटायचंय, येऊन जा. मी गेले. रस्त्यात फोडलेले कोहळे, बसला बांधलेली केळीची पानं, सगळीकडे नेहमीची गडबड. आत पाटावर पटाश्या मांडलेल्या, हळदकुंकू लावून झालेलं. गंगक्का खाली बसली होती आणि कव्हर तिच्या मांडीवर होतं. ती रडत नव्हती. ती ते बघत होती, हिशेब न जुळल्यासारखं.

“ये गं. बघ की हे. काय झालंय.”

मनोहर दारात टेकून उभा होता. त्याने ते कव्हर आयुष्यात कधी नीट पाहिलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाला, “आई, जुनं आहे ते. असणारच.”

“नव्हतं रे असं. मी काय हात लावत होते का? वर्षाला एकदा काढते.” मग माझ्याकडे वळली. “तू नेलंस तेव्हा बघितलंस ना? तू सांग. असंच होतं?”

ही ती जागा. इथे येईपर्यंत मी इतकं बोलले.

माझ्या पर्समध्ये फोन होता. त्यात त्या दिवशीचे फोटो होते, लाल, सबंध, दोरा न तुटलेला. अजून आहेत. तिने मला विचारलं होतं, आरोप केला नव्हता. तिच्या मनात माझा संशय आलाच नव्हता. मी नाही म्हणाले असते, मी घासलं म्हणाले असते, तर काय झालं असतं? ती ओरडली असती, मनोहर चार शब्द बोलला असता, बाबांनी ते वाक्य पुन्हा वाचलं नसतं. एवढंच.

मी म्हणाले, “हो अक्का. असंच होतं.”

आणि तेवढ्यावर थांबले नाही. “हाताने झिजतंच,” म्हणाले.

मनोहरने फडताळावरची पुस्तिका घेतली. वाईट हेतूने नाही, आईला समजवायला. माझं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं, सावकाश, ती ऐकेल असं. पुन्हा पुन्हा उघडलं. जवळ घेतलं. झिजवलं.

“असं छापलंय?” तिने विचारलं.

“छापलंय.”

तिच्या नवऱ्याने जन्मभर छापण्याचंच काम केलं होतं. छापलेल्या गोष्टीशी ती वाद घालणार नव्हती. तिने स्वतःची बोटं उलटीपालटी करून पाहिली. “मग काढत असेन मी मधेमधे,” ती म्हणाली. “दुपारी वगैरे. आठवत नाही बघ. काही म्हणता काही आठवत नाही मला.” हे ती आम्हाला सांगत नव्हती.

मनोहर तिच्याजवळ येऊन बसला. तोही तसा वाईट मुलगा नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “सरी रे, बरं. येते मी तुझ्याकडे.”

मग तिने मला प्रसादाचं केळं दिलं. मी ते तिथेच खाल्लं.

दिवाळीनंतर तिने घर सोडलं. सामान टेम्पोत चढवायला मी गेले होते. मदत केली, हो. आता तिथे कुणीतरी मोबाईल दुरुस्त करतं. ती सातव्या मजल्यावर राहते, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. या काळात मी तीन लेख लिहिले. एक कंत्राटी कामगारांवर, तो बराच गाजला. सत्ता माणसाला स्वतःच्या अनुभवावर शंका घ्यायला कशी लावते, असं त्यात एका ठिकाणी आहे. लिहिताना हात अडला नाही. तुला हे पटणार नाही, पण नाही अडला.

मागच्या महिन्यात तिला भेटायला गेले. का गेले? सांगता येत नाही. मनोहर आणि सून कामावर गेले होते. मी बसले असताना तिने डब्यातून गोळी काढली, तोंडात टाकली, पाणी प्यायली. आम्ही हवेबद्दल बोललो. मग सुनेचा फोन आला, गोळी घेतली का? गंगक्का फोन कानाला लावून थांबली. तिच्यासमोर गोळीचा रिकामा कागद पडला होता, अर्धा पेला पाणी होतं. तिने त्याकडे पाहिलं आणि त्यावरही तिचा विश्वास बसला नाही. “नाही वाटतं,” ती फोनमध्ये म्हणाली, आणि तिचा हात पुन्हा डब्याकडे गेला.

मी म्हणाले, “अक्का, घेतलीत तुम्ही. आत्ताच. मी बघितलं.”

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर कसलाही प्रश्न नव्हता.

“घेतली म्हणते गं क्रांती,” तिने फोनमध्ये सांगितलं. “ती म्हणते म्हणजे घेतली असेन.”

मी पेला उचलला, आत नेऊन धुतला, पालथा घातला. ती दारापर्यंत सोडायला आली. मी घरी आले.